फाईलचं कुलूप

स्वस्त वस्तूवर माझा विश्वास नाही आणि हलक्या वस्तूवर तर मुळीच नाही. त्यामुळे प्रसेनजीतनं, म्हणजे माझ्या मुलानं, तो लॅपटॉप घरी आणून माझ्या मांडीवर ठेवला तेव्हा मी पहिल्यांदा विचारलं ते हेच.

"ह्यातलं काय काढून घेतलंय रे दुकानदारानं?"

"काय न्हाय काढलेलं, आई. असाच असतोय त्यो."

"मग एवढा हलका कसा?"

 मी यंत्र उलटं करून बघितलं. खालच्या बाजूला चिकटवलेला कागद एका कोपऱ्यात सुटला होता. म्हणजे आधी कुणीतरी वापरलेला पुसूनबिसून आपल्या गळ्यात मारला, हे मी त्याच क्षणी ठरवून टाकलं. प्रसेनजीतनं कपाळाला हात लावला आणि गोकुळ शिरगावला कंपनीत निघून गेला.

मी तानाबाई. एका सरकारी कचेरीत एकतीस वर्षं मराठी टायपिस्ट होते. ज्या यंत्रावर मी काम केलं ते टेबलावरून हलवायचं झालं तर दोन शिपाई लागायचे. एकतीस वर्षांत माझं पत्र साहेबांच्या टेबलावरून चुकीसाठी परत आलं नाही. हे मी गर्वानं सांगते, आणि सांगितलं नाही तर पुढचं कुणाला कळणार नाही.

माझे यजमान, आमचे अण्णासो गुरुजी, गेल्या वैशाखात गेले. जन्मभर प्राथमिक शिक्षक. आजरा, चंदगड, शाहूवाडी असे तीन तालुके त्यांनी पायाखाली घातले. शेवटच्या दोन वर्षांत त्यांनी स्वतःची हकिगत लिहून काढली, चार वह्या, प्रत्येकीला खाकी कव्हर, जसं ते शाळेतल्या पोरांना घालायला लावायचे तसं. छप्पनसाली त्यांच्या वडिलांनी दीक्षा घेतली तिथपासून ते निवृत्तीपर्यंत सगळं त्यात आहे. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात मला म्हणाले, "ताना, छापलंस तर माझं वाक्य जागचं हलवू नको. चुकलं असलं तरी माझंच असू दे."

मी हो म्हटलं. येत्या बुद्धपौर्णिमेला पुस्तक काढायचं ठरलं. छापखानेवाला म्हणाला, वही नको, कॉम्प्युटरवर टाईप करून सीडी आणा. मग दुसऱ्या कुणाच्या हातात गुरुजींच्या वह्या द्यायच्या? ते तर शक्यच नव्हतं. म्हणून हे हलकं यंत्र घरात आलं.

खोटं कशाला बोलू, त्याचे काही गुण होते. लाईट गेली तरी ते चालू राहायचं. त्या वर्षी भारनियमनानं सगळ्यांना वीट आणला होता, शेजारच्यांचा मोठा कॉम्प्युटर पंख्याबरोबर मरून पडायचा आणि माझं काम मात्र चालू. दुकानदार दोन तास म्हणाला होता, माझ्या घड्याळानं पाऊण तास, पण पाऊण तास तरी चालायचं. पाहिजे तर खिडकीपाशी घेऊन बसा, पाहिजे तर सोप्यात. शिवाय प्रसेनजीतनं त्यात अशी सोय केली होती की सगळी अक्षरं टायपरायटरच्याच जागेवर. बोटांना नव्यानं काही शिकवावं लागलं नाही.

आता दोष. मांडीवर घेतलं की अर्ध्या तासात लुगडं तापायचं. जरा बाजूनं बघितलं की पडदा काळा. कळा इतक्या दाटीनं बसवलेल्या की माझ्या बोटांना कोंडल्यासारखं व्हायचं. आणि आवाज नाही! ज्या यंत्राचा आवाज होत नाही त्यानं काम केलं की नाही हे माणसानं ओळखायचं कसं? कळांच्या खाली एक गुळगुळीत चौकोन होता, त्यावर बोट फिरवलं की पडद्यावर बाण फिरतो. तो मी फाईल उघडायला आणि बंद करायला तेवढा वापरत असे. एकदा कामाला लागले की त्याच्याशी माझा संबंध नव्हता.

टायपिंगचा एक नियम आहे. नजर मजकुरावर ठेवायची, टाईप होणाऱ्या कागदावर नाही. इन्स्टिट्यूटमध्ये कागदाकडं डोळा गेला की आमच्या बाई बोटांवर पट्टी हाणायच्या. त्यामुळे वही डाव्या हाताला, नजर वहीवर, आणि बोटं आपली चालत राहायची. परिच्छेद संपला की दोन कळा एकदम दाबायच्या, म्हणजे आपण मजकुराच्या शेवटी जातो, एवढं प्रसेनजीतनं शिकवलेलं मी न चुकता करत होते. रविवार सोडून रोज दहा ते बारा टायपिंग. दुसऱ्या दिवशी सकाळी आदल्या दिवसाचं काम वहीशी ताडून बघायचं. आणि कचेरीच्या सवयीनं एका डायरीत नोंद: किती पानं झाली, फाईल किती वाजता बंद केली.

पहिले पंधरा दिवस एकही चूक सापडली नाही. मी प्रसेनजीतला म्हणाले, "बघ, यंत्र स्वस्त असलं तरी हात स्वस्त न्हाय."

तेव्हा माझी सून अक्षता भाकरी थापत होती. तिचा हात थांबला, मग तिनं भाकरी तव्यात टाकली.

अक्षता आजऱ्याची. लग्नाला दोन वर्षं झाली होती. डी.एड. झालेली, नोकरीच्या कॉलची वाट बघत घरीच शिकवण्या घ्यायची. मला आत्या म्हणते, आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात. कामाला वाघ, पण बोलणं कमी. कमी बोलणाऱ्या माणसावर माझा विश्वास नाही, हेही इथंच सांगून टाकते.

सुरुवातीला एकदा ती म्हणाली होती, "आत्या, वाक्य एखादं पुढंमागं हुतंय का, जरा पडद्याकडं बघत चला की."

"तुझ्या जन्माच्या आधीपास्नं हेच काम हाय माझं," मी म्हणाले. "तू तुझी पोरं शिकीव."

त्यानंतर तिनं विषय काढला नाही.

एका बुधवारी सकाळी मी फाईल शोधत होते. फाईलच्या नावापुढं ती शेवटची कधी बदलली ती वेळ लिहिलेली असते. तिथं होतं, मंगळवार, तीन पस्तीस. मी डायरी उघडली. मंगळवार, बारा दहा.

मी दोनदा चष्मा पुसला. दुपारी दोन ते चार मी विहारात महिला मंडळाच्या वाचनाला जाते. प्रसेनजीत कंपनीत. म्हणजे तीन पस्तीसला घरात एकच माणूस.

 चौकशी करायची तर हातात पुरावा पाहिजे, हे एकतीस वर्षांत शिकले होते. पुढचे दिवस नुसती नोंद ठेवली. तीन वीस. तीन चाळीस. दोन पंचावन्न. रोज मी विहारातून येई तेव्हा लॅपटॉप होता तसा, त्यावर माझा क्रोशाचा रुमाल होता तसा. इतकी नीट घडी पाहून तर माझा संशय जास्तच वाढला. सरळ माणूस रुमाल इतका नीट ठेवत नाही.

आणि सोमवारी पुरावा मिळाला.

दुसरी वही, पान एक्केचाळीस. गुरुजींची बासष्टसालची आजऱ्याची शाळा. त्यांनी लिहिलं होतं: "आकारामने दीक्षा घेतली, पण भीतीपोटी देवीचा टाक तांदळाच्या कणगीत लपवून ठेवला होता. मी विचारल्यावर त्याने मान खाली घातली." आणि पुढच्या परिच्छेदात: "तरी पोरीचा हात धरून तिला शाळेत घेऊन येणारा पहिला बाप आकारामच."

आकाराम म्हणजे अक्षताचा आजा, घरातले त्याला आबा म्हणत.

फाईलमध्ये पोरीला शाळेत आणणारा आकाराम जागेवर होता. कणगीतला टाक मात्र गायब. शोधता शोधता तो दहाबारा ओळी वर सापडला, शाळेच्या गळक्या छपराच्या वाक्यात, मधोमध घुसवलेला. 'मुले डोक्यावर', मग आकाराम, टाक, कणगी, मान खाली, आणि मग 'घोंगडी घेऊन बसत.' माझ्या डोक्यात तिडीक गेली. केवढी हुशार पोरगी! पुसून टाकलं असतं तर मला कळलं असतं. म्हणून उचलून भलतीकडं टाकलं, म्हणजे म्हातारीचा हात चुकला असं वाटावं. आजाची लाज झाकली, आजाची शोभा ठेवली.

मी ते वाक्य परत आणलं नाही. पुरावा म्हणून तसंच ठेवलं. संध्याकाळी प्रसेनजीतला म्हणाले, "फाईलला कुलूप लावता येतंय का?"

"येतंय की. पण कशाला?"

"तू दाव आणि बाहेर जा."

त्यानं दाखवलं. तो बाहेर गेल्यावर मी चार इंग्रजी अक्षरं टाकली, रागात जी सुचली ती. कुणाला सांगितली नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून वेळ जुळायला लागली. डायरीत बारा दहा, फाईलवर बारा दहा. चार दिवस सलग. मी इतकी खूश होते की ताडून बघायचंही ठेवून दिलं. आता कोण हात लावणार? भरभर पुढं गेले. पाचव्या दिवशी वही घेऊन बसले. एकोणीस ठिकाणी मजकूर मोडला होता. चंदगडचा पाऊस गुरुजींच्या आईच्या अंत्ययात्रेत. माझ्या लग्नाची तारीख शाळेच्या हजेरीपटात. जिथं बघावं तिथं गुरुजींचं वाक्य जागचं हललेलं.

कुलूप असताना हे झालं कसं? उत्तर माझ्याकडं तयार होतं. हिनं कुलूप फोडलं, आणि वेळेचं कळलंय म्हणून यंत्राचं घड्याळ मागं करून ठेवलं. संशयाला एकदा जागा दिली की तो पाय पसरून बसतो, हे मला आज कळतं. त्या दिवशी कळलं नाही.

दुपारी जेवताना मी तिच्या ताटासमोर बसले.

"कुलूप कसं उघडलंस?"

ती दचकली. "कुलूप लावल्यापास्नं मला उघडताच आलं न्हाय, आत्या."

"म्हंजे त्याच्या आधी उघडत हुतीस."

"व्हय."

"मला न इचारता."

"व्हय. पण आत्या, त्ये मी..."

"मी सांगतो की! तुझ्या आज्ज्याचं झाकायला. देवी कणगीत लपवली ती जगाला कळू न्हाय म्हणून गुरुजींचं लिवणं इस्कटलंस. मेलेल्या माणसाचं वाक्य चोरलंस तू!"

 मला वाटलं रडेल, ओरडेल, निदान उलट बोलेल. ती म्हणाली, "तुमी कणगीचं वाक्य वाचलं, मग त्याच्या आदीची पानं आनि कुलपानंतरची पानं शेजारी ठेवून न्हाय बघितली व्हय?" एवढंच बोलून ताट उचललं आणि मोरीत नेऊन ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ती आजऱ्याला गेली.

प्रसेनजीत मला म्हणाला, "आई, तू टायपिस्ट हुतीस का फौजदार?" डबा न घेताच तो कामावर गेला. त्याचाही मला रागच आला.

तिसऱ्या दिवशी मी मोडलेला भाग नव्यानं टाईप करायला बसले. घरात कुणी नाही. दाराला आतून कडी. शाहूवाडीचा एक मोठा परिच्छेद केला, दोन कळा दाबल्या, आणि सहज मान वर केली. परिच्छेद अर्धाच दिसत होता. राहिलेला अर्धा वर, भलत्याच ओळीत.

मी घरभर बघितलं. देवाशपथ म्हणायची आमच्यात पद्धत नाही, पण खरं सांगते, मी मोरीतसुद्धा डोकावून आले.

मग बसले आणि एकतीस वर्षांत केलं नव्हतं ते केलं. पडद्याकडं बघत टाईप केलं. एक ओळ नीट गेली. दुसरी नीट गेली. तिसऱ्या ओळीत दोन शब्दांमध्ये जागा सोडायला अंगठा मारला, अंगठ्याचं मूळ खालच्या गुळगुळीत चौकोनाला घासलं, आणि डोळ्यांदेखत लिहिण्याची रेघ उडी मारून वर बाणापाशी जाऊन बसली. पुढची अक्षरं तिथं उमटायला लागली. मी परत मारला, परत उडी. दहा वेळा करून बघितलं. माझ्या जुन्या यंत्रात जागा सोडायच्या दांडीच्या खाली काही नव्हतं, अंगठा खुशाल लोंबत ठेवायचा. त्या सवयीचा अंगठा गुरुजींची वाक्यं उचलून टाकत होता. माझाच अंगठा.

मग ती रोज दुपारी काय करत होती?

फाईल दुरुस्त करायची तर वही लागणार. मी चारी वह्या काढल्या. दुसरीचं खाकी कव्हर आतून फुगलं होतं. दुमडीत बोट घातलं तर चिठ्ठ्या निघाल्या. अकरा. अक्षताचं मास्तरणीचं गोल अक्षर, वर तारीख. 'पान १२, गुरुजींच्या आईंच्या आजारपणाच्या तीन ओळी बाजारात गेल्या होत्या. जागेवर आणल्या.' 'पान २६, चार वाक्यं. आणली.' 'पान ३३, शब्द वहीत आहे तसाच ठेवला, गुरुजींची चूक आहे, बदलायची नाही.' पंधरा दिवस मी ज्या हाताचा तोरा मिरवला होता त्या हाताची घाण ही पोरगी रोज दुपारी काढत होती, आणि रुमाल पुन्हा नीट घालून ठेवत होती.

शेवटची चिठ्ठी पान एक्केचाळीसची. 'आबांचं कणगीचं वाक्य छपरात शिरलंय. लाईट गेली, बॅटरीपण संपली. सोमवारी पहिल्यांदा हे आणायचं.'

सोमवारीच मी कुलूप लावलं होतं.

मी तिथं जमिनीवर बसून रडले. गुरुजी गेले तेव्हासुद्धा चारचौघांत इतकी रडले नव्हते.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं आजऱ्याला निघाले. लॅपटॉप मांडीवर, वह्या पिशवीत. उत्तूर मागं पडेपर्यंत काय बोलायचं याची जुळवाजुळव केली आणि सगळी विसरले. अक्षताच्या वडिलांचं, कृष्णातरावांचं, घर रस्त्याकडेलाच. अंगणात काजूबिया वाळत घातल्या होत्या.

"या ईनबाई! आसं आवचित?" ते मोठ्यानं म्हणाले. माझं मन लगेच कामाला लागलं. ह्याला पोरीनं सांगितलं असेल का? हसतोय ते खरं की आत बोलावून झाडणार आहे?

अक्षता पाण्याचा तांब्या घेऊन आली. माझ्याकडं बघितलं नाही, पण वाकून नमस्कार केला. चहा झाला. कृष्णातराव म्हणाले, "गुरुजींनी आमच्या आबाचं कणगीचं लिवलंय म्हणं की?"

मी कपबशी खाली ठेवली. "लिवलंय," मी म्हणाले.

"झ्याक केलं! त्यो टाक आबानं कवाच हिरण्यकेशीत सोडला, पर कणगी मोडू दिली न्हाय. म्हणायचा, म्या किती भ्यालो हुतो ते पोरास्नी कळाय पायजे. सोता सांगायचा सगळ्यांस्नी. आजून हाय की माळ्यावर. दावू?"

मी मान हलवली, हो की नाही तेही मला कळलं नाही. ज्या गोष्टीची लाज ह्या माणसांना वाटते म्हणून मी पोरीवर तुटून पडले, ती गोष्ट ही माणसं पाहुण्यांना कणगी दाखवून सांगत होती. कृष्णातराव शिडी आणायला मागं गेले.

सोप्यात आम्ही दोघीच उरलो. मी पिशवीतून चिठ्ठ्या काढून तिच्यासमोर ठेवल्या. तिनं बघितल्या आणि खाली बघितलं.

"अंगठा माझा हुता," मी म्हणाले.

"ठावं हाय," ती म्हणाली.

"मग तवाच तोंडावर का न्हाय सांगितलंस?"

"सांगितलं हुतं की एकदा."

 मी लॅपटॉप तिच्यापुढं सरकवला. तिनं उघडला, पदराला हात पुसले, फाईल शोधली. पडद्यावर कुलपाची चौकट आली. तिची बोटं कळांवर थांबली.

"आत्या, पासवर्ड काय?"

मी स्वतः टाकू शकले असते. तिथं अक्षरं दिसत नाहीत, नुसते ठिपके पडतात. लॅपटॉप माझ्याकडं ओढून घ्यायचा, चार कळा दाबायच्या, तिला जन्मात कळलं नसतं. माझा हात पुढं झालासुद्धा होता. मग मी तो मागं घेतला.

"सी," मी म्हणाले. तिनं दाबलं. "एच. ओ."

तिचं बोट तिथंच थांबलं. पुढचं अक्षर तिला कळलं होतं. मागं कृष्णातराव शिडी ओढत आणत होते त्याचा आवाज येत होता.

"आर," मी म्हणाले. "तुझ्यासाठी टाकला हुता. माझं चुकलं, अक्षता. लई चुकलं."

 मग तिनं ते अक्षर दाबलं आणि फाईल उघडली. एक बोट गुळगुळीत चौकोनावर फिरवत ती पान एक्केचाळीसपर्यंत आली.

"वही काढा, आत्या," ती म्हणाली. "आदी आबाचं वाक्य जागेवर आणूया."